राखणदाराचा पगार कोण ठरवतो?



मागच्या तालुका बैठकीत पीकविम्यावर बोलणे सुरू झाले, ते माहितीच्या अधिकारावर गेले आणि एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या प्रश्नावर येऊन अडले. त्या प्रश्नाला मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. जिल्हा मेळाव्यापुढे त्याच विषयाचा ठराव येणार आहे, म्हणून या अंकाचे संपादकीय त्यासाठीच खर्च करतो आहे.

झाले होते असे. आपल्या एका कार्यकर्त्याने त्याच्या महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची नोंदवही मागितली. प्रयोग कोणत्या गट नंबरात झाला, प्लॉट कोणाच्या वावरात आखला, कापसाची वेचणी कोणत्या तारखांना झाली, प्रत्येक वेचणीला किती वजन भरले, पंचनाम्यावर सह्या कोणाच्या. एवढेच. या चार आकड्यांवर अख्ख्या मंडळाला विमा मिळणार की नाही हे ठरते. दहा रुपये भरून अर्ज दिला. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत माहिती यायला हवी. आली नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले, ते त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे. साहेबांनी सुनावणी ठेवली आणि स्वतःच रजेवर गेले. मग दुसरे अपील. ते केल्यापासून दोन खरीप निघून गेले. पऱ्हाटी उपटून झाली, परत लावली, परत उपटली, अपील जागचे हलले नाही.

हे सांगून मी म्हणालो, की माहिती आयुक्तांचा पगार आणि मुदत कोण ठरवतो यावर आपण ठराव केला पाहिजे. तेव्हा ते काका उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, महिन्याला दोन-सव्वादोन लाख घेणाऱ्या माणसाच्या पगाराची काळजी आपण करायची? आपल्या कापसाला कोण विचारते?" बैठक हसली. मीही हसलो.

काकांचा हिशेब चूक नव्हता. राज्य माहिती आयुक्ताचा पगार नियमाने सव्वादोन लाख रुपये ठरलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये धरला, तर ते पावणेअठ्ठावीस क्विंटल होतात. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याच्या सहा-सात एकरांचा पूर्ण वर्षाचा कापूस त्या एका महिन्यात जातो, तोही हमीभाव मिळाला तर, आणि खर्च वजा न करता. हा आकडा ऐकून कोणाच्याही पोटात कळ यावी.

पण मला बोलायचे आहे ते आकड्यावर नाही. पगार किती, हा एक प्रश्न. पगार कोण ठरवतो, कशात लिहून ठेवतो आणि कोणाला तो बदलता येतो, हा दुसरा. आपण पहिल्यावर हसतो आणि दुसरा आपल्या हातून निसटतो.

ज्वारी हुरड्यावर आली की आपण माळा बांधतो आणि पाखरे, डुकरे, ढोरे राखायला जागलीला माणूस ठेवतो. त्याला दिवसाला किती द्यायचे यावर घासाघीस होते, ती व्हायचीच. पण समजा त्याची मजुरी आपण न देता धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याने ठरवली, आणि त्याच शेजाऱ्याची ढोरे दर रात्री आपल्या ज्वारीत शिरतात. मग त्याला चांगली मजुरी मिळते की कमी, याने आपल्याला काय फरक पडणार? तो प्रामाणिक असेल तर ढोरे हाकलीलही. पण प्रत्येक वेळी गोफण उचलताना मनात एकदा शेजाऱ्याचा विचार करील. खरेदी केंद्रावरचा ग्रेडर कोणाचा माणूस आहे हे आपण त्याच्या पदावरून ओळखत नाही. त्याची बढती-बदली कोणाच्या हाती आहे यावरून ओळखतो.

ही गोष्ट आपल्या मातीत फार आधी एका माणसाने कायदेमंडळात मांडली होती. मुंबई इलाख्यात वतनदार महार गावाची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करीत. शिवेची राखण त्यांच्याकडे, शिवेच्या भांडणात साक्ष त्यांची, सरकारी टपाल आणि खजिना पोचवणे त्यांच्याकडे. काम सरकारचे, पण मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन आणि खळ्यावर रयतेने घातलेले बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात यावर विधेयक आणले. त्यांचे म्हणणे असे, की या माणसाने आत्मसन्मानाने एक पाऊल टाकले की गाव त्याचे बलुते बंद करते आणि सरकार हात झटकते. म्हणून बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवा, ती शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी आणि सरकारने द्यावी. ते विधेयक त्या वेळी पास झाले नाही. ती वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. मध्ये तीस वर्षे गेली. बलुते बंद करणाऱ्यांत आपलेच आजे-पणजे होते, हेही कबूल करून पुढे जाऊ. पगाराची दोरी ज्याच्या हाती, त्याची गुलामी कशी करावी लागते हे ज्याने भोगले त्यानेच पुढे घटनेच्या मसुद्यात हा विषय हाताळला, एवढे ध्यानात ठेवा.

घटनेत सरकारचा हिशेब तपासणारा एक माणूस आहे. त्याला नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणतात, वर्तमानपत्रात 'कॅग' म्हणून येतो तो. घटना समितीत ३० मे १९४९ रोजी या कलमांवर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, आणि त्याला न्यायाधीशांइतके स्वातंत्र्य आपण देऊ शकलो नाही याबद्दल नाराजीही बोलून दाखवली. तरीही जे दिले ते पाहण्यासारखे आहे. कलम १४८ म्हणते, याचा पगार संसद कायद्याने ठरवील. नेमणूक झाल्यावर त्याचे नुकसान होईल असा बदल त्यात करता येणार नाही. पद सोडल्यावर त्याला केंद्राची किंवा राज्याची दुसरी नोकरी घेता येणार नाही, म्हणजे उद्याच्या खुर्चीच्या आशेने आज पेन थांबायला नको. आणि त्याच्या कार्यालयाचा खर्च संचित निधीवर 'भारित' आहे. या शब्दाचा अर्थ असा, की त्यावर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. खळ्यावर रास मोजण्याआधी आपण बियाण्याचे पोते बाजूला काढतो, त्याच्यावर घरातल्या कोणाचाच हक्क नसतो, तसे हे पैसे आधीच बाजूला निघालेले असतात. चिडलेल्या सरकारला त्यांच्यावर कात्री चालवता येत नाही.

याचा आपल्याला काय उपयोग? २००८ च्या कर्जमाफीची आठवण करा. माफी जाहीर झाली, सत्कार झाले, फलक लागले. आपल्यातले कितीतरी जण बँकेत गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परत आले. त्यांना कोणी विचारले नाही. मार्च २०१३ मध्ये कॅगचा अहवाल संसदेपुढे आला. देशभरातली नव्वद हजारांवर खाती तपासली, त्यात सुमारे बावीस टक्के प्रकरणांत चुका किंवा गडबडी निघाल्या. ज्यांना लाभच मिळाला नव्हता अशी ९,३३४ खाती नऊ राज्यांत काढून पाहिली, तर त्यांतले १,२५७ शेतकरी पात्र असूनही बँकांनी त्यांना विचारात घेतले नव्हते. आपण मोर्च्यात तेच ओरडत होतो. पण मोर्च्यातले ओरडणे ऐकले नाही तरी चालते, कॅगच्या अहवालाला संसदेत उत्तर द्यावे लागते. ज्या सरकारने माफी दिली त्याच सरकारच्या कारकिर्दीत हा अहवाल आला. लिहिणाऱ्याचा पगार त्या सरकारच्या मर्जीवर असता तर तो इतका मोकळा आला असता का, हे तुम्हीच ठरवा.

आता, पगार पक्का लिहून ठेवला की सगळे भागते असेही नाही. घटनेच्या दुसऱ्या अनुसूचीत १९५० साली कॅगला महिना चार हजार रुपये लिहिले होते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाही चार हजारच. न्यायाधीशांचा तो आकडा १९८६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत तसाच राहिला. तेव्हा तो नऊ हजार झाला. छत्तीस वर्षे! मधल्या काळात गहू, ज्वारी, भाडे, शाळेची फी कुठल्या कुठे गेली. कोणी हात न लावता पगार वितळून गेला. कापसाचा भाव तोच ठेवून खताचा भाव वाढवला की आपले जे होते तेच न्यायाधीशांचे झाले. म्हणून पुढे कायदे करणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. रुपयांचा आकडा न लिहिता सांगड घालायची. अमक्या पदाचा पगार तमक्या न्यायाधीशाइतका, असे लिहायचे. न्यायाधीशांचा वाढला की याचा आपोआप वाढला, कोणाच्या दारात उभे राहायला नको. यातही खोट आहे. सातव्या वेतन आयोगाने कॅबिनेट सचिवाचा मूळ पगार अडीच लाख झाला तो २०१६ पासून. न्यायाधीशांचा कायदा बदलायला २०१८ चा जानेवारी उजाडला, तोवर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि त्याच्याशी सांगड घातलेले सगळे नव्वद हजारांच्या मूळ पगारावर होते. नंतर थकबाकी मिळाली. उशीर झाला, पण कोणाचे उपकार घ्यावे लागले नाहीत.

पगार हे हत्यार म्हणूनही वापरता येते, आणि ते फक्त पगार कापून नव्हे. टी. एन. शेषन आठवत असतील. १९९० च्या अखेरीला मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि राजकारण्यांची झोप उडवली. त्या वेळी कायदा असा होता, की मुख्य आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार आणि बाकीचे आयुक्त नेमले तर त्यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारने दोन आयुक्त नेमले आणि वटहुकूम काढून त्यांचा पगार, दर्जा शेषन यांच्या बरोबरीला आणला. शेषन यांचा एक पैसा कमी केला नाही. शेजारच्या दोन खुर्च्या उंच केल्या. ते न्यायालयात गेले आणि १९९५ साली हरले. निकाल वाचला तर त्यातली कारणे पटण्यासारखी आहेत, तीन माणसांचा आयोग एका माणसाच्या लहरीपेक्षा बरा असे मलाही वाटते. पण वटहुकूम त्या वेळीच का आठवला, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात सांगड पक्की लिहिली होती. केंद्राचा मुख्य माहिती आयुक्त म्हणजे मुख्य निवडणूक आयुक्ताच्या बरोबरीचा. राज्याचा मुख्य माहिती आयुक्त निवडणूक आयुक्ताच्या बरोबरीचा. राज्याचे बाकीचे माहिती आयुक्त राज्याच्या मुख्य सचिवाच्या बरोबरीचे. मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यातले जे आधी येईल ते. हे सगळे कायद्यातच होते, म्हणजे बदलायचे तर संसदेत जाऊन, सगळ्यांसमोर, कारण सांगून बदलायला हवे.

जुलै २०१९ मध्ये संसदेत जाऊन ते बदलले गेले. १९ जुलैला विधेयक लोकसभेत मांडले, २२ ला तिथे मंजूर, २५ ला राज्यसभेत मंजूर. एका आठवड्यात आटोपले. आपली सोयाबीनची फुले गळायच्या आत. नव्या कलमात आकडा नाही, सांगड नाही, वर्षे नाहीत. पगार, भत्ते, मुदत, सेवाशर्ती 'केंद्र सरकार विहित करील त्याप्रमाणे' एवढेच शब्द आहेत. मग २४ ऑक्टोबर २०१९ ला केंद्राने नियम काढले. मुदत पाचाची तीन वर्षे. केंद्राच्या मुख्य आयुक्ताला अडीच लाख, बाकी सगळ्यांना सव्वादोन लाख. म्हणजे राज्याच्या मुख्य माहिती आयुक्ताचे महिन्याला पंचवीस हजार कमी झाले आणि राज्याच्या साध्या आयुक्ताचा आकडा मुख्य सचिवाइतकाच राहिला. आकडे पाहणाऱ्याला वाटते, यात काय एवढे झाले?

त्याच नियमांत पुढे लिहिले आहे, की ज्या सेवाशर्तीबद्दल नियमांत काही सांगितलेले नाही ती बाब केंद्र सरकारकडे पाठवावी आणि केंद्राचा निर्णय आयोगावर बंधनकारक. आणखी एक, की कोणत्याही वर्गातल्या माणसांपुरते हे नियम शिथिल करण्याचा अधिकार केंद्राला आहे. मला कापसावरच्या बोंडअळीइतकीच या शब्दांची भीती वाटते. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते.

आता सरकारची बाजू. ती ऐकल्याशिवाय ठराव करणे बरे नाही. सरकार म्हणाले, निवडणूक आयोग घटनेने निर्माण केलेला, माहिती आयोग साध्या कायद्याने. दोघांना एका दावणीला बांधणे चूक. मुख्य माहिती आयुक्ताचा दर्जा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा आणि त्याचा निकाल उच्च न्यायालयात उलटवता येतो, ही विसंगती आहे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण विसंगती काढायची होती तर दुसरी सांगड कायद्यातच लिहायची. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतका पगार, असे एक वाक्य पुरले असते. दावण बदलायची म्हणून सांगितले आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला. आणखी एक गोष्ट सरकारच्या बाजूने सांगतो. नेमणुकीनंतर पगार नुकसानकारक रीतीने बदलू नये, ही तरतूद नव्या कलमातही ठेवलेली आहे. आज बसलेल्या आयुक्ताचा पगार उद्या कापता येत नाही. पण पुढच्याचा किती, त्याला किती वर्षे, हे सरकार स्वतःच्या सहीने ठरवू शकते. मुदत तीनच वर्षे असली की 'पुढचा' लवकर येतो. तरतूद पाळूनही तिचा जोर निम्म्यावर आणता येतो तो असा.

यात आणखी एक विचित्रपणा आहे. राज्याच्या आयुक्ताचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो, तो ज्या अपिलांवर बसतो ती आपल्या तहसिलीची, कृषी कार्यालयाची, जिल्हा परिषदेची. आणि त्याचा दर ठरतो दिल्लीत. महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्ये केला होता, केंद्राच्या तीन वर्षे आधी. त्या राज्याला आज आपल्या आयुक्ताची मुदत साडेतीन वर्षे करायचीही सोय नाही.

आणि आयुक्त करतो काय, हे विसरू नका. माहिती दडपणाऱ्या अधिकाऱ्याला कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड तो लावू शकतो, आणि ते पैसे कार्यालयाच्या खात्यातून नव्हे, त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातात. सरकारी माणसाच्या खिशाला हात घालण्याचा असा अधिकार साध्या शेतकऱ्याच्या अर्जावर दुसरीकडे कुठे मिळतो ते मला दाखवा. दुसऱ्याचा पगार कापण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याचाच पगार आणि मुदत सरकारच्या मुठीत.

कोणी म्हणेल, आकडा तोच असला तर दर्जाने काय होते? याचे उत्तर २०२३ मध्ये सरकारनेच दिले. त्या वर्षी १० ऑगस्टला निवडणूक आयुक्तांबद्दलचे नवे विधेयक राज्यसभेत आले. त्यात आयुक्तांचा पगार न्यायाधीशाऐवजी कॅबिनेट सचिवाइतका लिहिला होता. दोघांचाही मूळ पगार अडीच लाखच! तरी विरोध झाला, माजी मुख्य निवडणूक आयुक्तांनीही हरकत घेतली. कारण साधे आहे. निवडणुकीच्या काळात आयोग ज्या नोकरशहांना हुकूम देतो, त्यांच्याच रांगेत आयोगाला उभे केले तर हुकूम कोण मानणार? डिसेंबरमध्ये सरकारने स्वतः दुरुस्ती आणून न्यायाधीशाची सांगड परत घातली. एका पैशाचा फरक नसताना सरकारला माघार घ्यावी लागली. माहिती आयुक्तांच्या वेळी तेवढा आवाज उठला नाही. निवडणूक सगळ्यांना दिसते. पीक कापणीची नोंदवही ज्याचे पीक गेले त्यालाच दिसते.

आता काकांना राहिलेले उत्तर.

काका, तुमचे दुसरे अपील पगारामुळे अडलेले नाही, हे मला मान्य आहे. ते अडले आहे कारण आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात, हाताखाली माणसे नसतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये पडून असलेली अपिले आणि तक्रारी लाखाच्या वर गेल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजवावे लागले, की जागा भरा, नाहीतर हा कायदा कागदावरच राहील. दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत द्यायचा हे कायद्यात लिहिलेलेच नाही. आणि चांगल्या पगाराने कणा येतो असेही मी म्हणत नाही. आयुक्त म्हणून नेमले जातात त्यांत निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचीच गर्दी असते, ज्या खात्यांत जन्म काढला त्यांच्यावरच निकाल द्यायला बसलेली. राज्यात निवडणारी समिती तिघांची: मुख्यमंत्री, त्यांनी निवडलेला एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता. दोन विरुद्ध एक. भित्रा माणूस पाच लाखांतही भित्राच राहील.

पण एखादा तरी न भिणारा निघतो. मी अशा आयुक्ताचे निकाल वाचले आहेत, ज्याने अधिकाऱ्याला समोर उभे करून कागद काढायला लावला. तो माणूस आत येईल आणि टिकेल अशी जागा ठेवायची की नाही, एवढाच आपला प्रश्न आहे. जागा रिकामी ठेवणे, मुदत तोडणे, माणसे न देणे आणि पगार स्वतःच्या हाती घेणे ही एकाच हाताची कामे आहेत.

वरच्या माणसाला निदान एखादे कलम तरी आहे. खालच्याचे काय? बियाणे कायदा १९६६ प्रमाणे बियाणे निरीक्षक राज्य सरकार नेमते, आणि ते काम कृषी खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे असते. मी पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा माझ्या बरोबरीचे काही जण या कामावर लागले. त्यांतला एक जण मला म्हणाला होता, "नमुना काढायला मी मोकळा आहे, पण नमुना काढल्यावर मी कुठे राहीन हे मला माहीत नसते." पगार त्याचा वेतन आयोगाने ठरलेला, वेळेवर मिळणारा. तक्रार पगाराची नव्हती. पगार ज्या खात्यातून येतो त्याच खात्याच्या हातात त्याची बदली होती. उगवण न झालेल्या पाकिटांची तक्रार घेऊन आपण ज्याच्याकडे जातो तो हा माणूस. त्याच्यावर ओरडून झाल्यावर कधीतरी त्याच्या बाजूनेही विचार करावा लागेल. पण तो विषय मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.

मेळाव्यापुढचा ठराव त्यामुळे दोन दारी जाईल. दिल्लीसाठी, म्हणजे आपल्या खासदारांसाठी: माहिती आयुक्तांचा पगार नियमांतून काढून पुन्हा कायद्यात लिहावा, कोणत्या तरी न्यायाधीशाच्या पगाराशी सांगड घालून, मुदत पाच वर्षे कायद्यातच असावी, आणि शिथिल करण्याचा अधिकार रद्द व्हावा. मुंबईसाठी, म्हणजे आमदारांसाठी: रिकाम्या जागा भराव्यात, हाताखालची माणसे द्यावीत, आणि राज्य माहिती आयोगाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित करावा. हे शेवटचे राज्याला करता येते. घटनेच्या कलम २०२ प्रमाणे विधिमंडळ कायदा करून एखादा खर्च भारित ठरवू शकते, त्यासाठी दिल्लीला विचारायला नको. 'आमच्या हातात नाही' हे उत्तर आमदारांकडून आले तर त्यांना हे कलम दाखवा.

आयुक्तांचा पगार वाढवा असे या ठरावात कुठेही नाही. ज्यांना तो कमीच करावा असे वाटते त्यांनी तशी दुरुस्ती मांडावी, तिच्यावर मोकळी चर्चा होईल. मी स्वतः विरोधात मत देईन, पण दुरुस्ती मांडणाऱ्याला बोलू दिले जाईल.

ज्यांची दुसरी अपिले सहा महिन्यांहून जास्त काळ पडून आहेत त्यांनी मेळाव्याला येताना अपिलाची पोच आणि तिची एक झेरॉक्स आणावी. मंडपाच्या दाराशी टेबल असेल, तिथे तालुका, खाते, अपिलाची तारीख आणि काय माहिती मागितली होती एवढे लिहून घेतले जाईल. पीक कापणी प्रयोगाची माहिती मागणाऱ्यांची यादी वेगळी करू. मूळ कागद कोणाकडेही देऊ नका, टेबलावरच्या कार्यकर्त्यालाही नाही. काकांनाही निरोप दिला आहे. ते येतो म्हणाले आहेत.